मूळ गाव, गोत्र आणि ईमेल

काशीत ब्रह्माघाटाच्या गल्लीत तीर्थोपाध्यायांच्या दारी यजमान आला की पहिला प्रश्न नावाचा नसतो. 'मूळ गाव कोणते?' असे विचारतात. 'पुणे' म्हटले की गुरुजी मान हलवतात आणि पुन्हा विचारतात, 'पुण्याला कुठून आलात? आजोबांचे गाव कोणते?' माणूस जरा थांबतो, बायकोकडे बघतो, नाहीतर तिथूनच आईला फोन लावतो. गाव कळले, तालुका कळला, की आतल्या खोलीतून रुमालात बांधलेले दफ्तर बाहेर येते. लाल खारव्याच्या बांधणीच्या लांबट वह्या. गुरुजी पाने उलटतात, एका पानावर बोट ठेवतात आणि वाचू लागतात. पणजोबांचे नाव येते, त्यांच्या भावांची नावे येतात, कुठल्या शकात कोण कोण यात्रेला आले ते येते. समोरच्या माणसाने अनेकदा पणजोबांचे नावही कधी ऐकलेले नसते.

मी त्या घरी गेलो तो या वह्या बघायला नव्हे, त्यांच्या शेजारी उभी राहत असलेली दुसरी यादी बघायला. घरच्या सूनबाई गेली काही वर्षे यजमानांच्या ईमेलची यादी करत आहेत. त्यांचे माहेर संगमेश्वर तालुक्यातले. संगणकाचे काम त्यांना लग्नाआधीपासून येत होते. घरातल्या पुरुषांचा जन्म काशीतला, मराठी बोलतात पण मध्येच 'अरे भैया' येते, आणि महाराष्ट्राचा नकाशा त्यांना वह्यांमधूनच माहीत. हातखंबा कुठे, पाली कुठे, लांज्याहून राजापूरला जाताना वाटेत काय लागते, हे सूनबाईंना चालून माहीत आहे. यादीचे काम त्यांच्याकडे आले ते या दोन्ही गोष्टींमुळे.

हा व्यवसाय लहान आहे हे आधी सांगायला हवे. दोन भाऊ, त्यांची घरे, वरच्या मजल्यावर यात्रेकरूंसाठी काही खोल्या, श्राद्धाच्या स्वयंपाकाला मदत करणाऱ्या एक-दोन बायका. तीर्थश्राद्ध, गंगापूजन, अस्थिविसर्जन, पिशाचमोचन कुंडावर त्रिपिंडी, कोणाला हवी असेल तर पंचक्रोशी यात्रेची व्यवस्था, एवढी कामे. दुकानाची पाटी नाही, जाहिरात नाही. पुढच्या वर्षी कोण येणार हे मागच्या पिढीत कोण आले होते यावर ठरते. म्हणून यजमानांची यादी हीच या घराची खरी मिळकत. जमीन नसलेल्या घरात जमिनीच्या जागी ती आहे.

काशीतली मराठी वस्ती जुनी. पैठणच्या भट्ट घराण्यातले नारायणभट्ट इथलेच. त्यांनी प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांवर 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ लिहिला, आणि त्याच घराण्यातल्या गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवराज्याभिषेक केला. १७३५ साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला निघाल्या, त्यांच्यामागे पेशवाईतली आणखी किती घराणी गंगेवर आली. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागात मराठी घरे वसली ती या ओघात. यात्रेकरू ज्या मुलखातून येत, त्या मुलखाचे उपाध्याय त्यांची भाषा बोलत, आणि भाषा बोलणाऱ्यालाच गाव नीट लिहिता येत असे.

वहीची रचना बघण्यासारखी आहे. वर प्रांत, मग तर्फ किंवा परगणा, मग मौजे, मग घराण्याचे नाव, गोत्र, कुलदैवत, आणि त्याखाली माणसे. म्हणजे माणूस सगळ्यात शेवटी येतो. एका घराण्याला पान किंवा दोन पाने सोडलेली असतात, पुढे येणाऱ्यांसाठी मोकळी जागा ठेवून. जुनी पाने मोडीत, नंतरची बाळबोधात. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट ही, की नोंद यजमानाने स्वतःच्या हाताने लिहायची असते. अमुक शकात, अमुक तिथीस, अमुक गावाहून सहकुटुंब आलो, तीर्थविधी केला, आमच्या वंशातले पुढे येतील त्यांनी यांनाच आपले उपाध्याय मानावे, असा त्या लेखाचा साचा. खाली सही, कोणाला लिहिता येत नसेल तर अंगठा किंवा नांगराची, तराजूची निशाणी. नंतर येणारा नातू आजोबांचे अक्षर बघतो आणि त्याच्या मनात शंका उरत नाही. गुरुजींनी स्वतः लिहून ठेवले असते तर तो विश्वास आला नसता. ज्याचे नाव यादीत आहे त्यानेच ते लिहिले, ही या यादीची ताकद. सूनबाईंच्या सगळ्या कामाच्या मुळाशी हाच विचार दिसला, म्हणून तो आधी सांगितला.

वही घरात बसून असते, तिला यजमानापर्यंत जाता येत नाही. ती सोय टपालाने केली. १८७९ च्या जुलैत पोस्टकार्ड आले, पाव आण्याचे. पुढच्याच वर्षी मनीऑर्डर आली. १८८७ मध्ये राजघाटाजवळ गंगेवर रेल्वेचा पूल झाला. या तीन गोष्टी आठेक वर्षांत घडल्या आणि काशीच्या उपाध्यायांचा व्यवहार पालटला. आधी यात्रेकरू पिढीतून एकदा येई, आता गाडीने येऊ लागला. आला नाही तर पत्राला उत्तर आणि मनीऑर्डरने दक्षिणा पाठवू लागला. गुमास्ते मुगलसराय स्टेशनावर गाडीच्या वेळेला जाऊन उभे राहत आणि उतरणाऱ्याला गाव विचारत. गुरुजींच्या आजोबांनी पोस्टकार्डासाठी वेगळी वही केली होती, ती मी पाहिली. त्यात गावापुढे पोस्ट ऑफिसचे नाव आहे, 'पोस्ट अमुक, मार्गे अमुक'. त्या वहीत पुढे वेगळ्या शाईने सहा आकडे घातलेले दिसतात. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिनकोड सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखला. डाकखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी असलेल्या या मराठी माणसाने केलेली सोय काशीतल्या मराठी उपाध्यायाने आपल्या वहीत एकेका गावापुढे भरून घेतली. मला ते पान बघून फार आनंद झाला.

म्हणजे पत्त्यांची यादी ठेवणे, ती अद्ययावत करणे, नवी सोय आली की तिच्यासाठी रकाना वाढवणे, हे या घरात नवे नाही. ईमेल हा त्या वहीतला आणखी एक रकाना आहे.

मग ईमेलच का? व्हॉट्सअॅप सगळ्यांकडे आहे. सूनबाई दोन्ही वापरतात, पण त्यांनी कारण नेमके सांगितले. मोबाइल नंबर बदलतो. मुलगा पुण्याहून बंगळूरला गेला तरी नंबर टिकतो, पण न्यू जर्सीला किंवा मेलबर्नला गेला की काही महिन्यांत भारतातला नंबर बंद पडतो. ईमेल मात्र तो कॉलेजपासून वापरत असतो तोच राहतो. आणि ज्यांना काशीला येणे अवघड, ज्यांचे आईवडील इथे गेले आणि त्यांच्या अस्थी भावाने आणल्या, असे यजमान बहुतेक परदेशातलेच. शिवाय व्हॉट्सअॅपची प्रसारयादी २५६ जणांपुरती चालते, आणि ज्याने आपला नंबर साठवलेला आहे त्यालाच संदेश पोचतो. पितृपक्षाची पत्रे जायची असतात तेव्हा एवढ्याने भागत नाही.

नोंद कशी घेतात ते मी शेजारी बसून पाहिले. विधी आटोपतो, यजमान हातपाय धुऊन वर येतात, चहा होतो. त्याआधी काही विचारायचे नाही, हा गुरुजींचा नियम. अस्थी सोडून आलेल्या माणसाला घाटावरच फोन नंबर विचारणे त्यांना पटत नाही. चहानंतर वही उघडते. यजमान आपल्या हाताने लेख लिहितो. आजकाल पेन हातात घेतल्यावर माणसे गोंधळतात, काय लिहू म्हणतात, गुरुजी तोंडी सांगतात. मग सूनबाई एक छापील कागद पुढे करतात. त्यात मूळ गाव, तालुका, सध्याचे गाव, गोत्र, कुलदैवत, ज्यांच्यासाठी विधी केला त्यांचे नाव आणि तिथी, फोन, ईमेल. गोत्र माहीत नसेल तर रकाना कोरा ठेवतात. संकल्पात काश्यप म्हणतात, पण यादीत काश्यप लिहीत नाहीत, कारण पुढे खरे गोत्र कळले तर ते भरायला जागा हवी. जुन्या वह्यांत पानाच्या माथ्यावर जात असे. या कागदावर तो रकाना नाही. गुरुजींनी तो काढायला सांगितला आणि त्याबद्दल अधिक काही बोलले नाहीत. मला तो निर्णय फार मोठा वाटतो.

ईमेल लिहून घेताना सगळ्यात जास्त काळजी. हाताने लिहिलेल्या पत्त्यात शून्य की ओ, एक की एल, मधली खालची रेघ आहे की नुसते अंतर, हे कळत नाही. म्हणून यजमानाने स्वतः लिहायचे, सूनबाईंनी मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि यजमान समोर बसलेला असतानाच त्या पत्त्यावर एक लहानशी मेल पाठवायची. 'आली का बघा बरं दादा.' आली की त्याच मेलला त्याने 'पोचले' एवढे उत्तर द्यायचे. यात दोन कामे होतात. पत्ता खरा आहे हे कळते, आणि यजमानाच्या बाजूने एकदा उत्तर गेले की पुढची पत्रे स्पॅममध्ये पडण्याची शक्यता कमी होते. कधीकधी मेल येत नाही. काही वेळाने परत येते, आणि बघावे तर 'जीमेल'मधली दोन अक्षरे उलटसुलट झालेली असतात. माणूस समोर असतो म्हणून तिथेच दुरुस्त होते. तो महानगरी किंवा कामायनी एक्सप्रेसमध्ये बसून निघून गेला की मग कोण कोणाला शोधणार?

खालच्या ओळीत दोन चौकटी आहेत. एक, 'या विधीपुरता संपर्क ठेवावा.' दुसरी, 'दरवर्षी तिथीची आठवण पाठवावी.' यजमानाने खूण करायची. पहिलीवर खूण असेल तर त्याला पावती आणि छायाचित्रे जातात, त्यापुढे काही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात हेच तत्त्व आहे: संमती कशासाठी घेतली ते स्पष्ट असावे, त्यापुरतीच ती धरावी, आणि देणाऱ्याला ती जितक्या सहज देता आली तितक्याच सहज परत घेता यावी. सूनबाईंना कायद्याचे नाव माहीत आहे, पण चौकटी त्याआधीपासूनच्या आहेत. जुन्या वहीतही ज्याने लेख लिहिला नाही तो त्या घराचा यजमान झाला असे कोणी धरत नसे.

आता अडचण आली ती वहीतली रचना संगणकात उतरवताना. जीमेलच्या संपर्कयादीत एक माणूस म्हणजे एक नोंद. वहीत एक घराणे म्हणजे एक पान. चार भाऊ, त्यांची मुले, कोणी नागपुरात, कोणी टोरांटोत, ही सगळी वहीत एका नजरेत दिसतात. संगणकात ती अक्षरक्रमाने विखुरतात. सुरुवातीला सगळी नावे नुसती भरली गेली तेव्हा एकाच श्राद्धासाठी दोन भावांना वेगवेगळी पत्रे गेली आणि तिसऱ्याला एकही गेले नाही. त्यावर सूनबाईंनी उपाय काढला तो वहीकडे परत जाऊन. प्रत्येक नोंदीच्या टिपणात वहीचे नाव आणि पानाचा आकडा. एका पानाचे सगळे लोक त्या आकड्याने एकत्र सापडतात. त्यावर मूळ गावाचे एक लेबल, आणि तिथीच्या महिन्याचे दुसरे. म्हणजे 'देवरुख' शोधले तर देवरुखची घराणी येतात, 'पौष' शोधले तर पौषात ज्यांची तिथी आहे ते सगळे. हे साधे वाटते, पण आलेला माणूस फक्त गावाचे नाव सांगू शकतो हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ते सुचते. बाजारात मिळणाऱ्या तयार सॉफ्टवेअरमध्ये आडनाव, शहर, शेवटची खरेदी असे रकाने असतात. मूळ गाव कोणी विचारत नाही.

गावांचे तर वेगळेच प्रकरण आहे आणि मला त्यात सगळ्यात जास्त रस वाटला. आज यजमान जिल्हा सांगतो तो वहीत नसतो. सिंधुदुर्ग १९८१ साली झाला, त्याआधीची सावंतवाडी आणि कणकवली रत्नागिरीखाली, त्याहून आधी प्रांताच्या आणि तर्फेच्या नावाने. लातूर १९८२ पासून, वाशिम आणि नंदुरबार १९९८ पासून, पालघर २०१४ पासून. आता धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर ही नावे आली, अहिल्यानगर आले. वडगाव, नांदगाव, पिंपळगाव ही नावे तर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तेव्हा कुलदैवत विचारून गाव ओळखतात. ग्रामदेवता सांगितली, जवळची नदी सांगितली, की सूनबाई पान काढतात.

आणि काही गावे आज नाहीतच. कोयनेचे धरण साठच्या दशकात भरले, शिवसागराच्या पाण्याखाली गावे गेली, माणसे रायगडात, ठाण्याकडे, सोलापूर-सांगलीकडे वसवली गेली. त्यांची नातवंडे काशीला येतात आणि पुनर्वसनातल्या गावाचे नाव सांगतात. ते वहीत सापडत नाही. गुरुजींना हे अनुभवाने माहीत आहे. ते विचारतात, 'तुमचे घर धरणात गेले का?' मग जुने नाव निघते, आणि पान सापडते. सूनबाईंनी त्यांच्यासाठी दोन लेबले केली आहेत, बुडालेल्या गावाचे आणि वसवलेल्या गावाचे. गावाच्या नावांची सरकारी यादी संगणकात भरून तिच्यातून निवड करायला लावली असती तर ही माणसे कुठल्याच गावची ठरली नसती. म्हणून त्या कागदावर गाव हाताने लिहितात, छापील नावांतून निवडत नाहीत.

तिथीच्या रकान्यात दुसरी फसगत होऊ शकते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुक्ल पक्षाला दोघांचे महिन्याचे नाव एकच असते, कृष्ण पक्षात एक महिन्याचे अंतर पडते. आपला भाद्रपद कृष्ण पक्ष तो इथल्या पंचांगात आश्विन कृष्ण. घरात भिंतीवर बनारसचे हिंदी पंचांग, हातात फोनवरचे कॅलेंडर, आणि यजमान सांगतो मराठी महिना. लिहिणाऱ्याचे लक्ष जरा ढळले की आठवणीचे पत्र महिनाभर इकडेतिकडे जाईल, आणि श्राद्धाची तिथी चुकली तर त्या यजमानाचा या घरावरचा विश्वास गेलाच म्हणून समजा. त्यामुळे यादीत नेहमी मराठी महिनाच लिहायचा असा कडक नियम आहे, आणि पक्षही अक्षरात लिहायचा, 'व.' किंवा 'शु.' अशी खूण चालत नाही. जुन्या पानांवर तर फक्त शक, संवत्सर आणि तिथी. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे की ७९ हे महिना बघून ठरवावे लागते.

दरवर्षी पत्र पाठवायची गरजच यातून येते. सर्वपित्री अमावास्या २०२४ साली २ ऑक्टोबरला होती, २०२५ साली २१ सप्टेंबरला. इंग्रजी तारखांवर जगणाऱ्या माणसाला स्वतःहून हे लक्षात राहत नाही. पत्रात एवढेच असते: यंदा तुमच्या वडिलांची तिथी अमुक तारखेला येते, काशीत विधी करायचा असल्यास कळवा, घरीच करणार असाल तर लागणाऱ्या साहित्याची यादी सोबत आहे. साहित्याची यादी गुरुजी आवर्जून घालायला लावतात. ज्याच्याकडून यंदा काही मिळणार नाही त्यालाही ती जाते. परदेशातल्यांना तारीख सांगण्याआधी शहर विचारतात, कारण तिथीचा क्षण जगभर एकच असला तरी कॅलिफोर्नियात तो आदल्या दिवशी पडू शकतो, आणि श्राद्धाला तिथली अपराह्णकाळची तिथी धरायची असते. या प्रश्नोत्तरांच्या मेल मी वाचल्या. कोणी विचारतो, अपार्टमेंटमध्ये कावळा येत नाही, काय करू. कोणी लिहितो, आईची तिथी बाबा सांभाळत होते, आता बाबाही नाहीत, आम्हाला तिथी माहीत नाही, तुमच्याकडे आहे का? असते. वहीत असते. अशा उत्तरासाठी सूनबाई रात्री उशिरापर्यंत पाने चाळतात.

पत्रे एकदम सगळ्यांना जात नाहीत. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० पत्त्यांपर्यंतच मेल पाठवता येते, आणि तेवढी मर्यादा गाठायचीही त्यांची इच्छा नसते. ज्यांची तिथी जवळ आली त्यांनाच, तीन-चार आठवडे आधी. विषयाच्या ओळीत गुरुजींचे आडनाव, 'काशी' आणि मूळ गाव. आपल्या गावाचे नाव दिसले की माणूस मेल उघडतो. अनेकांना एकच पत्र जाते तेव्हा पत्ते बीसीसीमध्ये असतात, एकमेकांना दिसत नाहीत. कोणाच्या घरी कोण गेले हे दुसऱ्याला कळण्याचे कारण नाही. शेवटी एक ओळ: 'ही पत्रे नको असल्यास फक्त "नको" असे उत्तर पाठवा.' २०२४ च्या फेब्रुवारीपासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांवर नाव काढून घेण्याची सोपी सोय देण्याचे बंधन घातले. या घराची पत्रे त्या संख्येच्या जवळपासही नाहीत, तरी ओळ आहे, आणि 'नको' आले की त्याच दिवशी लेबल निघते. वहीतले पान मात्र तसेच राहते. त्या घराण्यातला दुसरा कोणी उद्या येऊ शकतो.

विश्वनाथ धामाचे १३ डिसेंबर २०२१ ला लोकार्पण झाले तेव्हापासून काशीत गर्दी अतोनात वाढली, आणि २०२५ च्या प्रयागच्या कुंभात तर गल्लीतून चालणे मुश्कील झाले होते. गर्दीबरोबर तयार याद्या विकणारेही आले. हजारो यात्रेकरूंचे फोन आणि ईमेल एका रकमेत देतो म्हणतात. असा एक फोन मी तिथे असतानाच आला. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, 'त्यात मूळ गाव आहे का?' नव्हते. त्यांनी फोन ठेवला. मला त्यांचे म्हणणे सर्वस्वी पटते. ज्याला आपण कोण हे माहीत नाही त्याला वडिलांच्या श्राद्धाचे पत्र पाठवणे म्हणजे त्याच्या दुःखात अनाहूत शिरणे. विकत घेतलेल्या पत्त्यांवर गेलेली मेल लोक स्पॅम म्हणून नोंदवतात, आणि मग ज्यांनी स्वतःच्या हाताने पत्ता लिहून दिला त्यांचीही पत्रे अडतात. या व्यवसायात यादी फुगवणे म्हणजे ती मारणे आहे.

नव्या यादीने जुन्या वहीत नसलेली एक गोष्ट आणली. वहीत लेकी सापडत नाहीत. सुना येतात, 'सौ.' लावून नवऱ्याच्या नावाला जोडून. लेकीचे लग्न झाले की ती दुसऱ्या गावाच्या, कदाचित दुसऱ्या उपाध्यायाच्या वहीत गेली. पण आईवडिलांच्या अस्थी घेऊन आता मुली येतात, एकट्या येतात, आणि तिथीची आठवण त्यांनाच हवी असते. त्यांचा पत्ता माहेरच्या पानाखाली घालायचा हा सूनबाईंचा आग्रह. गुरुजी आधी विचारात पडले, मग वहीतही माहेरच्या पानावर तिला लेख लिहायला द्यायचे ठरले. मी एक असा लेख पाहिला. आजोबांच्या मोडीखाली, काकांच्या बाळबोधाखाली, निळ्या बॉलपेनने एका मुलीचे अक्षर, तिची माहेरची आणि सासरची दोन्ही आडनावे, आणि पुढच्यांनी यांनाच मानावे ही तीच जुनी विनंती.

दोन भावांमधल्या वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पूर्वी वृत्तीची वाटणी वह्यांनी होत असे. कोकण एकाकडे, देश दुसऱ्याकडे, वऱ्हाड-नागपूर तिसऱ्याकडे. अडीअडचणीला वही गहाणही पडे. वही एकच असल्यामुळे ज्याच्या घरी ती, त्याचा यजमान. ईमेलच्या यादीची नक्कल मात्र क्षणात होते, आणि मग कोणाचा यजमान कोणता हे कशावरून ठरणार? सध्या खाते एकच आहे, पासवर्ड दोन्ही घरांत आहे, आणि उत्तर कोणी द्यायचे ते वहीच्या नावावरून ठरते. कोकणच्या पानाचा माणूस असेल तर थोरल्यांनी, देशावरचा असेल तर धाकट्यांनी. पुढच्या पिढीत एक मुलगा वेद शिकतो आहे, एक हैदराबादला नोकरीला आहे. नोकरीवाल्याने सुचवले की खाते घराच्या नावाचे करावे, माणसाच्या नावाचे नको, आणि दर महिन्याला यादीची एक प्रत कागदावर काढून वह्यांबरोबर रुमालात ठेवावी. कागदाच्या प्रतीचे गुरुजींना लगेच पटले. खात्याच्या नावावर दोन्ही घरे बसून बोलणार आहेत.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली बहुतेक पाने आता यादीत आली आहेत. देशावरच्या वह्यांचे काम सुरू व्हायचे आहे. त्यातल्या पहिल्या तीन मोडीत आहेत आणि घरात मोडी नीट वाचणारे आता गुरुजी एकटेच. सूनबाई त्यांच्याकडे दुपारी मोडी शिकतात. पान वाचून झाले की आधी त्या घराण्यातल्या जिवंत माणसाचा ठाव लावायचा, त्याच्याशी फोनवर बोलायचे, परवानगी विचारायची, आणि मगच पत्ता भरायचा असा क्रम ठरला आहे. साताऱ्याच्या एका पानावर १९५२ नंतर कोणी आलेले नाही. त्या गावच्या पोस्टमास्तरांना त्यांनी परवाच पत्र लिहिले आहे, पोस्टकार्डावर.